नेमाचं पाणी

नर्सरीत तुळशीचं रोप घ्यायला आलेल्या माणसाला आधीची तुळस कशी गेली असं विचारलं, तर उत्तर बहुधा ठरलेलं असतं. काही कळलंच नाही. रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालत होतो, एक दिवस चुकला नाही. हे उत्तर खरं असतं. नेम मोडलेला नसतो, श्रद्धा उणी पडलेली नसते, आणि कुंडी उपडी केली तर मुळं काळी पडून कुजलेली निघतात. आषाढातला पाऊस दिवसेंदिवस कोसळत असला तरी त्या चिखलात रोज सकाळी आणखी एक तांब्या ओतला जातो, कारण तांब्या रिता झाल्याशिवाय पूजा पुरी झाली असं वाटत नाही.

बागकाम शिकवणारा माणूस हा प्रश्न एका वाक्यात निकालात काढतो: पाणी कमी घाला. पण तुळशीला पाणी घालणारी बाई त्या वेळी बागकाम करत नसते. ती पूजा करत असते, आणि पूजा कमी करा असं तिला कुणी कसं सांगावं? प्रश्न मातीपासून सुरू होतो आणि धर्मात शिरतो. सेवा पुरी झाली हे कशावरून ठरवायचं? करणाऱ्याने आपला नेम पाळला यावरून, की जिची सेवा केली तिचं भलं झालं यावरून?

निरनिराळ्या धर्मपरंपरांनी हा प्रश्न झाडाला पाणी घालण्याच्याच गोष्टींतून मांडला आहे, आणि त्यांची उत्तरं एकमेकांना छेद देणारी आहेत.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात, स्केटिस नावाच्या ठिकाणी, ख्रिस्ती तपस्वी एकांतात राहत. त्यांच्या गोष्टी आणि वचनं पुढे संग्रहित झाली. त्यांत योहान नावाच्या, अंगाने बुटक्या असलेल्या साधूची गोष्ट येते. त्याच्या गुरूने एक वाळकी काठी जमिनीत रोवली आणि सांगितलं, हिला फळ येईपर्यंत रोज घडाभर पाणी घालत जा. पाणी इतकं लांब होतं की संध्याकाळी निघालेला योहान सकाळी परत पोचे. तीन वर्षांनी काठीला पालवी फुटली, फळ धरलं. गुरूने ते फळ जमलेल्या बांधवांपुढे नेलं आणि आज्ञापालनाचं फळ म्हणून त्यांना खायला दिलं. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की याने आपल्या शेवटच्या चित्रपटात, १९८६ सालच्या ‘द सॅक्रिफाइस’मध्ये, सुरुवातीलाच ही गोष्ट एका बापाच्या तोंडी घातली आहे, आपल्या लहान मुलाला जवळ घेऊन तो समुद्रकाठी एक वाळकं झाड रोवत असतो.

गुरुभक्तीच्या कथांवर वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायची नाही. काठीला तहान नाही, तिला काही हवं नाही. म्हणून तर ती निवडलेली आहे. पाणी घालणाऱ्याचा मीपणा झिजावा, ‘याने काय होणार’ हा हिशेब सुटावा, यासाठी तिच्याइतकं योग्य झाड दुसरं नाही. नेमाच्या बाजूने याहून जोरदार साक्ष सापडणं कठीण.

आता दुसरी गोष्ट. ती पाली जातककथांत ४६व्या क्रमांकावर आहे आणि थोड्या फरकाने २६८व्या क्रमांकावर पुन्हा येते. वाराणसीत उत्सवाची दवंडी पिटली जाते. राजाच्या बागेच्या माळ्याला उत्सवाला जायचं असतं, पण नवी रोपं नुकतीच लावलेली असतात. बागेत माकडांची टोळी राहत असते. माळी त्यांच्या म्होरक्याला विनंती करतो: तुम्ही सगळे या बागेच्या फळाफुलांवर जगता, मी परत येईपर्यंत तेवढं रोपांना पाणी घाला. म्होरक्या आनंदाने कबूल होतो. माळी चामड्याच्या पखाली आणि लाकडी भांडी देऊन निघून जातो. माकडं कामाला लागतात तेव्हा म्होरक्या त्यांना बजावतो, पाणी वाया घालवू नका. आधी प्रत्येक रोप उपटून बघा, ज्याचं मूळ लांब त्याला जास्त पाणी घाला, ज्याचं आखूड त्याला कमी. माकडं तसंच करतात. बाग संपते.

ही गोष्ट मुलांना सांगताना मोठी माणसं माकडांच्या मूर्खपणावर हसतात आणि पुढे जातात. थांबून पाहिलं तर ही माकडं कितीतरी बाबतींत आदर्श आहेत. ती आळशी नाहीत. त्यांना पाण्याची किंमत कळते. सगळ्यांना सारखं न देता ज्याला जेवढं हवं तेवढंच द्यावं हा विचारही त्यांनी केला आहे, आणि गरज मोजायची तर मुळाशी गेलं पाहिजे हेही त्यांना उमगलं आहे. हेतू निर्मळ, तत्त्व बरोबर, आणि हाती आला तो नाश. कथेतला शहाणा माणूस निवाडा देतो तो असा, की अडाण्याने भलं करायला जावं आणि त्यातून अनर्थ व्हावा. बौद्ध विचारात हेतूला केवढं वजन आहे हे ठाऊक असलेल्याला हा निवाडा कठोर वाटेल. पण ज्या झाडाचं मूळ वर आलं त्याला माकडांच्या हेतूचा काय उपयोग?

योहानाच्या काठीजवळ उभं राहून वाराणसीच्या बागेकडे पाहिलं की दोन्ही गोष्टींतला फरक कळतो. काठी मेलेली होती, तिच्या वाट्याला नुकसान येणं शक्यच नव्हतं. रोपं जिवंत होती. जिवंत गोष्टीची सेवा करणाऱ्याला नुसतं आज्ञाधारक राहून भागत नाही, कारण समोरच्याला काही होऊ शकतं. तुळस काठी नव्हे. ती रोप आहे, आणि तिच्यापुढे आपण योहान असण्यापेक्षा माकड असण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

मग गरज ओळखायची कशी? अडचण इथेच आहे, कारण झाडाची तहान जमिनीखाली असते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असली म्हणजे मूळ श्वास घेतं. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू आत पोचत नाही. हवेत तो ज्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यात पसरतो. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, आणि अशा ओल्या, निर्वात मातीत पिथियम आणि फायटोफ्थोरा यांसारखे रोगकारक जीव त्याला कुजवू लागतात. मूळ निकामी झालं की पानांपर्यंत पाणी चढत नाही, पानं मान टाकतात. पाणी कमी पडलं तरी पानं अशीच मान टाकतात. दोन उलट आजारांचं लक्षण एकच, आणि घाबरलेला माणूस बहुतेक वेळा एकच उपाय करतो: आणखी पाणी.

रोप न उपटता मूळ जाणायचे मार्ग आहेत, आणि ते अगदी साधे आहेत. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायची. वरची माती सुकलेली दिसली तरी आत ओल लागते का ते कळतं. कुंडी उचलून बघायची. भिजलेली आणि सुकलेली कुंडी यांच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळू लागतो. पाणी घालायचं तेव्हा तळाच्या भोकातून निथळेपर्यंत घालायचं आणि मग माती सुकू द्यायची. रोज वरवर ओलं करत राहिलं तर मुळं वरच राहतात. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडून जातं, प्लॅस्टिकच्या कुंडीतून जात नाही, म्हणून एकाच गॅलरीत दोन तुळशींना दोन हिशेब लागतात. देशावरची काळी माती पाणी धरून फुगते आणि उशिरा सोडते. कोकण-गोव्यातल्या तांबड्या जांभ्याच्या मातीतून पाणी भराभर खाली जातं. साताऱ्याहून रत्नागिरीला सासरी गेलेल्या मुलीने माहेरचा तांब्याचा हिशेब तिथे चालवला तर तो चुकणारच.

हे सगळं आधुनिक शेतीशास्त्राने धर्मात आणून घुसवलं, अशी तक्रार कुणी करू नये. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात रोपांना पाणी घालण्याचा नियम येतो: उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा. पहिले दोन नियम पंचांग पाहून पाळता येतात. तिसरा पाळायचा तर अंगणात उतरून मातीला हात लावावा लागतो. आणि हे सांगणारा पुरुष ज्योतिषी आहे. त्याच अध्यायात तो रोप लावायला कोणती नक्षत्रं चांगली ते सांगतो, झाड हलवण्याआधी शुचिर्भूत होऊन त्याची पूजा करायला सांगतो, आणि झाडं फार जवळ लावली तर मुळं एकमेकांत गुंतून फळ नीट धरत नाही हेही सांगतो. पूजा एका खणात आणि निरीक्षण दुसऱ्या खणात अशी वाटणी त्याच्या मनात झालेलीच नव्हती. ती आपण नंतर केली, आणि त्यात तुळशीचा जीव गेला.

कालिदासाने तर हा सगळा वाद दोन मैत्रिणींच्या बोलण्यात आणून ठेवला आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पहिल्या अंकात शकुंतला सख्यांबरोबर आश्रमातल्या झाडांना पाणी घालते आहे. तिच्यासारख्या नाजूक मुलीला हे काम लावलं म्हणजे कण्वबाबांना तिच्यापेक्षा झाडंच लाडकी, असं एक सखी म्हणते. शकुंतलेचं उत्तर असं, की हे निव्वळ वडिलांच्या आज्ञेवरून चाललेलं नाही, मला या झाडांबद्दल सख्ख्या भावंडांसारखी माया आहे. आज्ञा आहेच, ती नाकारलेली नाही. पण मायेशिवाय ती अपुरी आहे. नाटकाच्या बंगाली पाठपरंपरेत याच प्रसंगी आणखी एक सुंदर विचार येतो. उन्हाळ्यात फुलणाऱ्या झाडांना पाणी घालून झालं. आता ज्यांचा बहर सरला आहे त्यांनाही घालू या, म्हणजे फळाची इच्छा न धरता केलेला धर्म होईल. निष्काम कर्म म्हणजे परिणामाकडे पाठ फिरवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावं. बहर सरलेलं झाडही तहानलेलं असतं. इथे मुलीने सोडला आहे तो स्वतःला मिळणाऱ्या फुलांचा लोभ. झाडाकडे पाहणं तिने सोडलेलं नाही. पुढे चौथ्या अंकात, शकुंतला सासरी निघते तेव्हा, कण्व झाडांनाच सांगतात की तुम्हाला पाणी पाजल्याशिवाय ही स्वतः पाणी पीत नसे. नेम याहून कडक काय असणार? पण त्या नेमाचं टोक झाडाच्या तहानेला बांधलेलं आहे.

या चर्चेत एक तिसरा पक्ष नेहमी विसरला जातो, तो म्हणजे खुद्द पाणी. बौद्ध भिक्षूंच्या विनयात, पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असताना ते गवतावर किंवा मातीवर ओतणं हा दोष मानला आहे, आणि पाणी गाळायचं फडकं भिक्षूच्या मोजक्या चीजवस्तूंपैकी एक आहे. जैन विचार आणखी पुढे जातो: पाणी हेच ज्यांचं शरीर आहे असे एकेंद्रिय जीव आहेत, आणि वनस्पतीही तशीच एकेंद्रिय. एका जिवासाठी दुसऱ्या जिवांचा व्यय होतो आहे, तेव्हा हात आवरता घ्यावा, हा विवेक त्यामागे आहे. पाण्यात जीव आहेत हे न मानणाऱ्यालाही एप्रिल २०१६ आठवावा. लातूर शहराला प्यायचं पाणी त्या महिन्यात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून आणावं लागलं. त्या शहरात कुंडीच्या भोकातून वाहून जाणारा तांब्या हा कुणाच्या तरी घशातला घोट होता.

अशा दिवसांत घराघरांत एक धर्मप्रश्न उभा राहतो आणि तो फार प्रामाणिकपणे विचारला जातो: तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला चालतं का? ज्या घरांत खरकटं आणि सोवळं यांचा विचार होतो तिथेही याचं उत्तर अवघड नसावं. न शिजलेल्या तांदळाचं पाणी खरकटं होत नाही, ते उष्टंही नाही. त्यात मीठ नाही, तेल नाही, साबण नाही. झाडाला त्याचा त्रास नाही. जुन्या घरांत न्हाणीचं पाणी अळू, केळ, कर्दळ यांच्याकडे वळवलेलं असे आणि तुळशीला चांगलं पाणी राखून ठेवलेलं असे. ती व्यवस्था पाण्याचा मान राखणारीच होती. टंचाईत तिच्यात एक पायरी वाढवली तर मान कमी होत नाही.

नेमाचा कैवार घेणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. आज गरज आहे की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं म्हटलं, तर आळसाला दार उघडतं. आज ओल आहे, उद्या बघू, परवा घाईत राहून गेलं, आणि आठवड्याने तुळस वाळून काष्ठ झालेली. नित्यकर्म नित्य का ठेवलं, तर मन टाळाटाळ करतं म्हणून. हे मान्य केलंच पाहिजे. पण मग नेम कशाचा करायचा हे पुन्हा तपासायला काय हरकत आहे? रोज सकाळी तुळशीपाशी जायचं, वाकून मातीला हात लावायचा, पान उलटून मागे कीड आहे का बघायचं, हा नेम रोज तांब्या रिता करण्यापेक्षा सोपा नाही, अवघड आहे. त्यात लक्ष लागतं. ओतणं अर्ध्या झोपेतही होतं.

आणि विधीची अडचण म्हणाल तर ती मुळात फार लहान आहे. पूजेत पाद्य, अर्घ्य, आचमन हे सगळं पळीभर पाण्याने होतं. तांब्या सवयीने आला, शास्त्राने मागितला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात देवाला चालणाऱ्या वस्तूंत पान, फूल, फळ यांच्याबरोबर पाणी आहे, आणि तिथे मोल भक्तीचं आहे, मापाचं नाही. श्रीकृष्णाच्या तुलेत सोन्यानाण्याने न हललेलं पारडं रुक्मिणीने ठेवलेल्या एका तुळशीपत्राने हललं, ही कथा कीर्तनांतून ऐकलेल्या समाजाला प्रमाणाबद्दल आणखी काय सांगायचं? माती ओली असेल त्या दिवशी पळीभर पाणी वाहावं, नमस्कार करावा, प्रदक्षिणा घालावी. पूजा पूर्ण झाली. आणि वैशाखात उलट वागावं, तेव्हा तांब्याही पुरत नाही. म्हणून तर काही घरांत त्या महिन्यात तुळशीवर गळती लावतात: बुडाला बारीक छिद्र असलेलं भांडं वर टांगायचं, म्हणजे थेंब थेंब पाणी दिवसभर मुळाशी पडत राहतं. ठिबक सिंचन हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी ही रीत होती. जिने ती घातली तिला ऋतू कळत होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या सावता माळ्यांबद्दल इथे बोलायलाच हवं. तेराव्या शतकातले हे संत जातीने आणि कामाने माळी. मळ्यात पिकणाऱ्या भाजीत आणि विहिरीवरच्या सामानसुमानात त्यांना विठ्ठल दिसला, आणि परंपरा सांगते की ते पंढरीच्या वारीला गेले नाहीत, मळा सोडून हलले नाहीत. पंढरपूर तिथून काही फार लांब नाही. आजही आषाढात पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला येते. देव भक्ताकडे जातो, अशी वारकऱ्यांच्या जगातली ही वेगळी वाट आहे. ‘काम हीच पूजा’ एवढंच या कथेतून काढून ते भिंतीवर लिहिण्याची सवय आपल्याला आहे, पण त्यात माळीपण हरवतं. माळ्याचं काम दुसऱ्या कामांसारखं नसतं. मोटेचं पाणी पाटाने येतं तेव्हा माळी हातात खोरं घेऊन वाफ्यापाशी उभा असतो. वाफा भरला की बारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्याला द्यायचं. क्षणभर नजर चुकली तर एक वाफा बुडतो आणि दुसरा कोरडा राहतो. डोळे मिटून करता येणारी ही भक्ती नव्हे. सावतोबांच्याच काळातल्या ज्ञानेश्वरीत, बाराव्या अध्यायात, माळी नेईल तिकडे मुकाट जाणाऱ्या पाण्याचा दृष्टांत आहे. माणसाने आपलं कर्तेपण सोडून तसं व्हावं, असं ज्ञानदेव सांगतात. म्हणजे पाण्याने निमूट असावं आणि माळ्याने जागं असावं. आपण तुळशीपुढे उभे असतो तेव्हा आपल्या हातात तांब्या असतो. त्या घटकेला आपली भूमिका माळ्याची आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अनेक घरांत विनाकारण दुःख होतं. तुळस वाळली की घरावर काही संकट येणार, कुणाचं तरी पाप भोवलं, असं बोललं जातं. बहुतेक वेळा ते घरातल्या सुनेला ऐकावं लागतं. तुळस हे दीर्घायुषी झाड नाही. कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांत खोडाने लाकूड होते, मंजिऱ्यांनी लगडते, आणि बी तयार झालं की तिचा जोर सरतो. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती पुन्हा पानांवर येते आणि जास्त दिवस राहते. मंजिरीचा तुळशीच्या डोक्यावर भार होतो, असं जुन्या बायका सांगत, त्यात हेच निरीक्षण आहे. निरांजन खोडाला टेकवून ठेवलं तर साल भाजते. दूध ओतलं तर मातीवर बुरशी धरते. हळदकुंकू खोडाभोवती थरावर थर साचू देण्यापेक्षा वृंदावनाच्या कठड्याला वाहिलं तर तुळशीचं काही बिघडत नाही आणि पूजेचंही नाही. एवढी काळजी घेऊनही एक दिवस ती वाळेल. तो तिचा आयुष्यक्रम आहे, घराच्या भाग्याचा निकाल नव्हे.

वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या हातावर चोळल्या की मोहरीपेक्षाही बारीक, काळपट बी निघतं. ते खोल पुरायचं नाही. भुसभुशीत मातीवर भुरभुरवून वरून हलका हात फिरवायचा आणि उगवेपर्यंत माती ओलसर ठेवायची. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. तोवर पाणी हाताने शिंपडायचं. तांब्याने ओतलं तर बी वाहून जातं.